घाणेरी, साळुंकी आणि ओआहू बेट: आईला काय सांगू?

पैलतीर
नमस्कार मंडळी. हवाईतल्या होनोलुलूला येऊन मला दीड वर्ष झालं. परवा ओआहू बेटाच्या कोरड्या अंगाला, वायानेच्या बाजूची एक टेकडी चढत होते. वळणावर ओळखीचा वास आला आणि पाय थबकले. बघते तर घाणेरी! तेच पिवळे-गुलाबी झुबके, तीच खरखरीत पानं, तेच आकड्यासारखे काटे. पान चुरगळून नाकाशी धरलं आणि थेट पर्वतीच्या मागच्या उतारावर जाऊन पोचले. तेवढ्यात त्याच झुडपात एक साळुंकी येऊन बसली आणि काळी फळं टिपायला लागली. माहेरची दोन माणसं परमुलखात एकदम भेटावीत तसं झालं. खरंच सांगते, डोळे भरून आले.

पुढे एक हवाईयन आजोबा कोयत्याने तीच झुडपं तोडत होते. मी कौतुकाने म्हटलं, ही आमच्याकडची. त्यांनी कोयता खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "लाकाना, हे तिचं इथलं नाव. हे झुडूप आणि तो पक्षी, दोन्ही इथे एकाच माणसाने आणले." पुढे काही बोलले नाहीत, पुन्हा कामाला लागले.

योगायोग असा की त्याच रात्री आईचा फोन आला. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत कंपाउंडच्या कडेने लँटाना, म्हणजे हीच घाणेरी, लावायचं ठरतंय. नर्सरीवाला म्हणतो की वर्षभर फुलं येतात, पाणी कमी लागतं, गुरं तोंड लावत नाहीत. आईने विचारलंय, लावू का? मला हो म्हणवेना आणि नाही का म्हणावं तेही सांगता येईना. जाणकारांनी मदत करा. तो एक माणूस कोण, तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

झुळूक
अगं, घाणेरीची पिकलेली काळी फळं! शाळेतून येताना ओंजळभर खायचो. जीभ जांभळी झाली की आईला कळायचं. त्या फुलांच्या देठातला मध चोखायचो ते वेगळंच. एवढ्या चांगल्या आठवणी आहेत की हिच्याविरुद्ध काही ऐकायचं जिवावर येतं.

बांधावरचा
झुळूकताई, पिकलेली खाल्लीत म्हणून निभावलं. हिरव्या फळांत वीख असतं. पोरांना हिरवी खाऊ देऊ नका, एवढं आधी सांगतो.

आता आमची गोष्ट. गाव माण तालुक्यात. दुष्काळात चारा संपला आणि आमची एक कालवड डोंगराला घाणेरीत शिरली. एरवी गुरं हुंगून सोडतात, पण भूक लागल्यावर काय करतील? तिसऱ्या दिवशी तिनं दावणीला वैरण सोडली. डोळे पिवळेजर्द. नाकाची नि कानाची कातडी सोलपटायला लागली, उन्हात क्षणभर उभी राहीना. डॉक्टर म्हणाले, यातल्या विषानं लिव्हर बसतं, मग ऊनच अंगाला जाळतं. सावलीत बांधली, कोळशाची पूड पाण्यातून पाजली. पंधरा दिवस आम्ही घरची माणसं आळीपाळीनं तिच्यापाशी बसलो. वाचली, पण अंगावरचे चट्टे राहिले ते राहिलेच. "गुरं तोंड लावत नाहीत" हे नर्सरीवाला गुण म्हणून सांगतोय. आमच्या डोंगराला तोच तर रोग झालाय. गवताच्या जागी घाणेरी आली, मग गुरं चरायची कुठं?

पानगळ
पैलतीर, त्या आजोबांनी खरं तेच सांगितलं. तो माणूस म्हणजे डॉ. विल्यम हिलेब्रँड. जर्मन डॉक्टर, १८५१ ते १८७१ अशी वीस वर्षं हवाईत राहिले. होनोलुलूच्या क्वीन्स हॉस्पिटलमध्ये काम करायचे आणि झाडांचं मनापासून वेड. त्यांनी घराभोवती केलेली बाग आज फॉस्टर बोटॅनिकल गार्डन म्हणून उभी आहे, तुमच्या घरापासून फार लांब नसेल. लँटाना त्यांनी १८५८ साली शोभेसाठी आणली.

आता साळुंकी. १८६५ साली हेच डॉक्टर मजूर मिळवण्याच्या कामासाठी आशियात फिरायला निघाले. बेटांवर लष्करी अळीने उच्छाद मांडला होता, म्हणून अळ्या खाणारी आपली साळुंकी त्यांनी भारतातून नेली. अळ्या तिने खाल्ल्या असतील, पण घाणेरीची फळंही खाल्ली आणि बिया रानोरान टाकल्या. आशियातूनच नेलेल्या ठिपकेवाल्या होल्यानेही त्यात हात लावला. सात वर्षांच्या अंतराने एकाच हाताने दोघांची गाठ घालून दिली. त्या झुडपात तुम्ही पाहिलात तो ताज्या भेटीचा प्रसंग नव्हता, दीडशे वर्षांहून जुना संसार होता.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. साळुंकी आपली. घाणेरी आपली नव्हे.

सह्यवेडा
आपली नव्हे? अहो, राजगडाच्या वाटेवर घाणेरी, सिंहगडावर घाणेरी. मी तर मावळे हिच्यातूनच वाट काढत असतील असं धरून चाललो होतो.

पानगळ
मावळ्यांनी करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढली असेल. घाणेरी मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. सतराव्या शतकात डच लोकांनी ती युरोपात नेली. तिथल्या बागवानांना फुलांचे रंग आवडले आणि त्यांनी वेगवेगळ्या जातींचा संकर करत नवनवे वाण काढले. साडेसहाशेहून जास्त नावांचे वाण झाले म्हणतात. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, तीही शोभेची म्हणूनच. म्हणजे आज रानात दिसते ती कुठल्याच रानातली नाही. ती बागेत घडलेली आहे, अनेक आईबापांची. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

रेवाकाठ
नावाबद्दल थोडं. आमच्याकडे मध्य प्रदेशात तिला राईमुनिया म्हणतात. मुनिया पक्ष्यासारखं गोड नाव. मराठीत एकदम घाणेरी! टणटणी हेही नाव ऐकलंय, ते बरं वाटतं.

फुलवेडी
माझं मत वेगळं आहे आणि ते मांडणारच. माझ्या अंगणात पंधरा वर्षं लँटाना आहे. सकाळी नऊ वाजता बघायला या, निलवंत, भटके तांडेल, स्वर्गरंग, किती फुलपाखरं असतात! फूल उमलतं तेव्हा पिवळं, परागीभवन झालं की गुलाबी किंवा लाल होतं, पण गळत नाही. लाल कडेमुळे झुबका लांबून दिसतो आणि जवळ आल्यावर फुलपाखराला कळतं की मध मधल्या पिवळ्या फुलांत आहे. इतकी सुंदर रचना असलेल्या झाडाला खलनायक ठरवू नका. रस्त्याकडेच्या उघड्याबोडक्या जमिनीत दुसरं काहीच टिकत नाही तिथे ही फुलते. बुलबुल तिच्यात घरटी करतात. सोसायटीच्या एका पट्टीने काय आभाळ कोसळणार आहे?

बांधावरचा
फुलवेडीताई, पट्टी सोसायटीत राहील. बुलबुल राहील का?

टेकडीकर
+१ बांधावरचा.

फुलवेडीताईंचं रंगांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, पण फुलपाखराचं अर्धंच आयुष्य त्यात आलं. मध प्यायला फुलपाखरं येतात, पण अंडी घालायला जातात दुसरीकडे, कारण आपल्याकडच्या बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या घाणेरीची पानं खात नाहीत. कढीपत्ता, लिंबू, कोरांटी, रुई, कडुचिरायत ही त्यांची बाळंतपणाची घरं. ती रोपं घाणेरीखाली दबून गेली की पुढच्या पिढीचं काय? खानावळ राहिली आणि घर गेलं.

आम्ही आठ-दहा जण दर रविवारी टेकडीवर घाणेरी काढतो. पहिली दोन वर्षं कोयत्याने कापायचो. पावसाळ्यानंतर एका खोडाच्या जागी पाच फुटवे! जाळली तरी बुडातून येते, उलट मोकळी झालेली जागा आधी तीच धरते. मग दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांची पद्धत कळली. खोड आणि मूळ जिथे जुळतं त्याच्या तीन-चार बोटं खाली कुदळीने मूळ तोडायचं आणि झुडूप तिथेच उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे. माती लागली नाही की ते पुन्हा धरत नाही. आता आम्ही तसंच करतो. तरीही खालच्या मातीत पडलेल्या बियांची रोपं दोन-तीन पावसाळे येत राहतात, ती हाताने उपटायची.

बुलबुलांचा मुद्दा मला पूर्ण पटतो. म्हणून आम्ही एका वर्षी एकच तुकडा साफ करतो, विणीच्या दिवसांत हात लावत नाही आणि मोकळ्या जागेत करवंद, हेंकळ, मुरुडशेंग लावतो. सगळं एका दमात तासून टाकणाऱ्या मोहिमा मला भीतीदायक वाटतात. दोन महिन्यांनी तिथे उघडी माती आणि रानमोडी हे दुसरं परकं तण दिसतं.

झुळूक
मुरुडशेंग! आजीच्या घुटीतली. ती झुडपावर येते हे आज कळलं.

सह्यवेडा
पण एक शंका. आपल्याकडे ही दोनशे वर्षं आहे, तरी रानं शिल्लक आहेत. बेटांवरच एवढा आकांत का?

पानगळ
सह्यवेडा, उत्तर थोडं लांब आहे, पण मला फार जवळचं आहे.

हवाई बेटं समुद्रातून वर आली, कुठल्याच खंडाला कधी जोडलेली नव्हती. तिथे जे पोचलं ते वाऱ्याने, लाटांनी, नाहीतर पक्ष्यांच्या अंगाला चिकटून. चरणारं जनावर एकही पोचलं नाही. सस्तन प्राणी म्हणाल तर एक वटवाघूळ आणि एक सील. खाणारंच कुणी नाही म्हटल्यावर झाडांनी शस्त्रं खाली ठेवली. तिथल्या पुदिन्याच्या कुळातल्या झाडांना बहुतेक वासच नाही. आकाला नावाची तिथली रासबेरी आहे, तिचे काटे मोजके आणि मऊ. तिथल्या मूळच्या फुलझाडांपैकी सुमारे ९० टक्के जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

मग १७७८ साली इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजातून बकऱ्या आल्या. १७९३ साली व्हँकूवर या दुसऱ्या दर्यावर्दीने गुरं आणली आणि कामेहामेहा राजाने ती वाढावीत म्हणून दहा वर्षं मारायला बंदी घातली. गुरांचे कळप रानोमाळ झाले आणि वास नसलेली, काटे नसलेली ती सगळी झाडं त्यांच्यापुढे पानात वाढल्यासारखी होती. १८५८ साली त्या ओसाड होत चाललेल्या माळावर काट्यांची, उग्र वासाची, विषारी पानांची घाणेरी आली. गुरांनी बाकीचं खाल्लं आणि हिला सोडलं. एकेका झुडपाला वर्षाला बारा हजारांपर्यंत फळं धरतात, ती साळुंकीने वाटली. बांधावरचा यांनी माणमधलं जे सांगितलं तेच, फक्त तिथे दुसऱ्या बाजूला लढायला कुणीच नव्हतं.

गालापागोसच्या फ्लोरिआना बेटावर ती १९३८ साली शोभेसाठीच नेली. तिथे जमिनीत बिळं करून अंडी घालणाऱ्या पेट्रेल या समुद्रपक्ष्यांच्या जागांवर तिच्या जाळ्या माजल्या.

मी पस्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. हिलेब्रँडवर मला राग काढता येत नाही. हवाईच्या झाडांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८८८ साली प्रसिद्ध झाला. ज्या झाडांची त्यांनी इतक्या मायेने नोंद केली, त्यांच्याच अंगणात त्यांनी घाणेरी सोडली. ग्रंथ चाळताना दर वेळी माझ्या पोटात कालवतं.

कीडमुंगी
माझा विषय निघाला! हवाईत पुढे जे घडलं ते कीटकांच्या अभ्यासकांना पाठ असतं.

घाणेरी आवरेना म्हणून १९०२ साली कीटकशास्त्रज्ञ आल्बर्ट कोबेले यांना मेक्सिकोला पाठवलं. तिच्या मूळ मुलखात तिला कोण खातं ते शोधा आणि इकडे पाठवा, एवढंच काम. त्यांनी तेवीस प्रकारचे कीटक पाठवले. होनोलुलूत पर्किन्स नावाचे दुसरे कीटकशास्त्रज्ञ ते उतरवून घ्यायचे, तपासायचे, वाढवायचे. आठ प्रकार तगले. फळातली बी पोखरणारी माशी, पानांचा रस शोषणारा जाळीदार पंखांचा ढेकूण, फुलं खाणाऱ्या अळ्या. एखाद्या तणाच्या मूळ मुलखात जाऊन त्याचे शत्रू मुद्दाम गोळा करून आणण्याचा हा जगातला अगदी सुरुवातीचा प्रयत्न. कोरड्या भागात घाणेरी बरीच खचली, पावसाळी भागात तितकी नाही. पैलतीर, तुम्ही पाहिलीत ती खचून उरलेली आहे, यावरून मूळचं रान कसं असेल बघा.

ती बी पोखरणारी माशी १९२१ साली हवाईहून भारतातही आणली. तो ढेकूण १९४१ साली ऑस्ट्रेलियाहून डेहराडूनला आला. बंदिस्त जागेत चाचणी चालू असताना तो सागाची फुलंही खातो असं दिसलं, म्हणून सगळे मारून टाकले. पण काही आधीच निसटले होते. आज आपल्या घाणेरीवर तोच ढेकूण दिसतो. तरी घाणेरी आहेच.

का, तर पानगळ सरांनी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. कीटक खाण्यात चोखंदळ असतो. त्याला त्याच्या रानातली जात हवी असते. ही तर बागेत केलेली संकराची. एका वाणाला चावणारा कीटक शेजारच्या दुसऱ्या रंगाच्या झुडपाला तोंड लावत नाही.

हा उपाय फसवाच आहे असं मात्र कुणी समजू नका. दख्खनच्या माळांवर फड्या निवडुंग माजला होता. १९२६ साली श्रीलंकेतून एक पांढरा कापसासारखा दिसणारा कीटक दक्षिण भारतात आणला आणि निवडुंगाची रानंच्या रानं बसली.

बांधावरचा
आजा सांगायचा, निवडुंगाला पांढरी बुरशी लागली न माळ मोकळा झाला. ती बुरशी म्हणजे किडा होता तर! आज शंभर वर्षांनी उत्तर मिळालं बघा.

काळीनदी
मी मॉरिशसची. माझे पूर्वज रत्नागिरीकडून ऊसमळ्यांवर आले. माझं मराठी शाळेत आणि आजीकडून शिकलेलं आहे, चूक झाली तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे पण हे झुडूप आहे. आमच्या क्रिओल बोलीत आम्ही त्याला "व्हिएय फी" म्हणतो. अर्थ, लग्न न झालेली म्हातारी बाई.

पण मला दुसरी गोष्ट सांगायची आहे. ब्लॅक रिव्हरच्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही मूळच्या झाडांसाठी तण काढायला जातो. तिथे कुंपण घालून रानाचे तुकडे राखले आहेत, हरणं आणि डुकरं आत येऊ नयेत म्हणून. परदेशातून आलेली सगळी झाडं हाताने काढतात. सर्वात त्रासाचा एक वेल आहे, "लियान सेर". खोड हातापेक्षा जाड होतं. मोठ्या झाडावर चढतो, वरून झाकून टाकतो, झाड उभ्या उभ्या मरतं. बीला तीन पंख आहेत, गरगर फिरत वाऱ्याने जातं. मी एकदा विचारलं की हा कुठून आला. उत्तर मिळालं, भारतातून, फुलांसाठी. नाव हिप्टेज बेंगालेन्सिस. तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?

रानजाई
काळीनदी ताई, आधी तुमच्या मराठीला नमस्कार. एकही चूक नाही.

आणि उत्तर लिहिताना हात जड होतोय. ती माधवी आहे. माधवलता, हळदवेल. संस्कृत काव्यातली आंब्याला बिलगलेली माधवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या कोकणातल्या देवराईत फुलते तेव्हा वाटेवरच वास येतो, पांढऱ्या झालरदार पाकळ्या आणि एका पाकळीवर पिवळा डाग. मी तिचं बी शोधायला दोन उन्हाळे हिंडले आहे.

झुळूक
माधवी?? आमच्या धाकट्या मावशीचं नाव.

फुलवेडी
काळीनदी, तुमचं वाचून मी बराच वेळ काहीच लिहू शकले नाही. माधवीला कुणी तण म्हणेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आंब्याला बिलगणं आपल्या कवींना प्रेम वाटलं, तुमच्या रानाला तो गळफास आहे.

पानगळ
बेटांचं नुकसान करणाऱ्या वनस्पतींची नावं काढली तर अशी आणखी निघतात. सगळ्या जगातल्या सर्वाधिक त्रासदायक परक्या जातींची शंभर नावांची एक यादी आहे, तिच्यात घाणेरी आहे, तशीच माधवीही आहे. हिमालयात सोनटक्क्याचा एक पिवळा भाऊ फुलतो, लाल तुऱ्यांचा. तोही त्या यादीत आहे. पैलतीर, तुम्ही हवाईच्या मोठ्या बेटावर ज्वालामुखी बघायला गेलात तर रानात त्याच्या भिंती दिसतील, तिथे त्याला काहिली म्हणतात. तोही बागेसाठीच नेलेला.

पैलतीर
पाहिलाय तो! सोनटक्का समजून केसात माळून फोटो काढला होता.

सह्यवेडा
काळीनदी ताई, तण काढल्यावर रान परत येतं का?

काळीनदी
हळू येतं. पण येतं. माझ्या मुलीला मी तिथे छोटं एबनीचं, म्हणजे तिथल्या मूळच्या काळ्या लाकडाच्या झाडाचं, रोप दाखवलं, आपोआप उगवलेलं, कुणी लावलेलं नाही. एबनी फार फार हळू वाढतं. ती मोठी होईल तेव्हाही ते लहानच असेल.

कीडमुंगी
ताहितीचंही आठवलं. १९३७ साली मिकोनिया नावाचं मोठ्या जांभळ्या पानांचं शोभेचं झाड तिथल्या बागेत लावलं. आज बेटाच्या जवळजवळ दोन तृतीयांश भागात ते आहे. मुळं उथळ, खाली गवतही उगवू देत नाही, मग डोंगराची माती धुपते. तेच हवाईत १९६१ साली आलं, पण तिथल्या लोकांनी माउई बेटावर १९९१ पासून एकेक झाड शोधून उपटायला सुरुवात केली. लवकर हात घातला की फरक पडतो.

रेवाकाठ
थोडं विषयांतर. कर्नाटकात मलेमहादेश्वरच्या डोंगरात सोलिगा आदिवासी घाणेरीच्या काठ्या उकडून, सोलून फर्निचर करतात. नीलगिरीच्या बाजूला तर त्याच काठ्यांचे खऱ्या मापाचे हत्ती विणले आणि २०२१ साली ते लंडनच्या बागांमध्ये उभे होते.

टेकडीकर
छान काम आहे ते, हाताला मजुरी मिळते. पण २०२० च्या एका अभ्यासात भारतातल्या वाघांच्या अधिवासाच्या ४० टक्क्यांहून जास्त भागात घाणेरी सापडली. खुर्च्यांनी ती संपणार नाही, रोज कुणीतरी कुदळ घेऊन जायला लागेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, पैलतीरच्या आई वाट बघत असतील. माझं मत स्पष्ट आहे, लावू नका. नर्सरीवाले काही वाणांना फळ धरत नाही असं सांगतात. धरत नसलं तरी परागकण असू शकतात आणि ते रानातल्या झुडपांशी संकर करतात. पर्वती हाकेच्या अंतरावर आहे. कंपाउंडला कोरांटी लावा, पिवळी, पांढरी, जांभळी, जी मिळेल ती. काटे आहेत, पाणी कमी लागतं, फुलपाखरं मधालाही येतात आणि अंडी घालायलाही. मधेमधे अडुळसा. कोपऱ्यात करवंद.

फुलवेडी
कोरांटीची रोपं माझ्याकडून न्या. शेवंतीबरोबर वाफ्यात आहेत, वीस-पंचवीस सहज निघतील. आणि सांगून टाकते, माझ्या अंगणातली लँटाना या पावसाळ्यात काढणार आहे. टेकडीकर, ते मुळाखाली तोडायचं काम मला नीट दाखवायला याल का? पंधरा वर्षांचं खोड आहे, माझ्या मनगटाएवढं.

टेकडीकर
ताई, रविवारी आम्ही सगळेच येतो. कुदळ आमची, चहा तुमचा.

पैलतीर
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफ करा.

आईला पूर्ण धागा फोनवर वाचून दाखवला, दोन रात्री लागल्या. तिने तो समितीच्या बैठकीत सांगितला. बांधावरचा यांच्या कालवडीपाशी सगळे गप्प झाले म्हणे. कोरांटी आणि करवंद ठरलंय. फुलवेडीताईंकडून पंचवीस रोपं आली, आईने स्वतः खड्डे केले. लँटानाची एक कुंडी आधीच विकत घेतलेली होती, अध्यक्ष काकांना ती फेकवेना. ती जिन्यापाशी आहे. आई दर दोन दिवसांनी कात्री घेऊन जाते आणि फळं हिरवी असतानाच खुडून पिशवीत बांधते.

मी फॉस्टर गार्डनला जाऊन आले. हिलेब्रँडने लावलेली म्हणून दाखवतात ती झाडं प्रचंड आहेत, वर बघताना मान दुखते. तिथेही साळुंक्या होत्या. मग पुढच्या शनिवारी वायानेच्या त्याच टेकडीवर गेले. आजोबा होते. मी जाडे हातमोजे नेले होते. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त दुसरा कोयता दिला आणि कुठून कापायचं ते दाखवलं. मी त्यांना पानगळ सरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, माधवीचंही सांगितलं. दुपारपर्यंत आम्ही एका खोलीएवढी जागा मोकळी केली. घाणेरीच्या खाली इलिमाचं, म्हणजे तिथल्याच मूळच्या एका फुलझाडाचं, झुडूप निघालं, वीतभर उंच, पिवळं, पाकळ्या कागदासारख्या पातळ. आजोबांनी त्याच्याभोवती दगडांचं कडं केलं आणि मला म्हणाले, पुढच्या वेळी येताना पाणी घेऊन ये.